गुरवमामांनी गोमुख ओलांडलं

सोमवार, संध्याकाळ. पनवेल.

महिनाभर दुरुस्तीसाठी बंद असलेलं शंकराचं देऊळ आज उघडलं. दगडी भिंती घासून चकचकीत केल्यात. पिंडीवर मात्र चांदीचं कवच, अभिषेकालाही काढलं नाही. का?

"ट्रस्टनी सांगितलाय, ताई. कवच काढायचा नाय," गुरवमामा म्हणाले, माझ्याकडे न बघता.

असेल. पण मग ते प्रदक्षिणेला निघाले. अभिषेकाचं पाणी ज्या गोमुखातून बाहेर पडतं, तिथून हा माणूस जन्मभर मागे फिरत आला. लहानपणी मी ते ओलांडलं, तेव्हा यांनीच माझ्या पाठीत धपाटा घातला होता. आज पाणी वाहत होतं आणि मामा सरळ ओलांडून गेले.

घाईत विसरले? छे. कवचाखाली आपली जुनी पिंडी नाही, आणि मामांना ते ठाऊक आहे.

मग आज मी बेल वाहिला कोणाला?