अर्धं समोरच्या बाकांचं

१४ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय दादास,

सप्रेम सलाम. इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तिच्यापेक्षा कमीच. चर्चच्या खिडकीची फुटकी काच एकदाची बसली. ऑर्गनवर मी चादर घातली आहे, दर रविवारी झटकते.

बातमी अशी की आपली शाळा वाचली! हो, वाचली! परवा बिशपसाहेब आले होते. चौदा पोरं मोठ्या शाळेत पाठवायची आणि इथे कुलूप लावायचं, हे जवळजवळ ठरवूनच आले होते. लॅटिनची तोंडी परीक्षा ते स्वतः घेणार होते, तीही चर्चमध्ये, सगळ्या मंडळीसमोर.

तू लावलेली पद्धत अजून चालू आहे. सायंप्रार्थनेआधी मुलं डाव्या बाकांवरून दिवसाचा धडा स्तोत्रासारखा म्हणतात. अर्धा म्हणून थांबायचं, उरलेला उजव्या बाकांनी म्हणायचा. आणि उजवीकडे कोण, तर प्रार्थनेला लवकर येऊन बसलेली म्हातारी माणसं. पाढे असोत की लॅटिन, नियम एकच. तू गेल्यावर ही सवय मोडायला मी जंग जंग पछाडलं. परीक्षेच्या सकाळीसुद्धा बजावलं, "आज कुणी मध्येच थांबायचं नाही हं."

पण सवयीला औषध नाही. पहिलीच उठली घड्याळजीची धाकटी. साहेबांनी 'मेन्सा' शब्द चालवायला सांगितला. पोरीने एकवचन खणखणीत म्हटलं आणि तोंड मिटून उभी राहिली.

"पुढचं येत नाही का?" साहेबांनी विचारलं.

"येतं की! पण ते समोरच्यांचं आहे."

साहेबांनी चष्मा काढला. पाळकांनी डोळे मिटले.

दादा, पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी उठून उभी राहिले. "ही माझ्या भावाने लावलेली खोड आहे, साहेब," एवढं माझ्या ओठांवर आलं होतं. शाळा वाचवायला मी तुला पुढे करणार होते.

तेवढ्यात उजव्या बाकांवरून आवाज आला. "मेन्से, मेन्से, मेन्सास." आई! जिला नुसती सही करायला चष्मा आणि धीर दोन्ही लागतात, ती आपली आई! तिच्यामागे घंटेवाला, पाववाली, बहिरा शिंपी (तो अर्धा शब्द मागे होता), सगळी बाकं. अनेकवचन संपेपर्यंत कुणी अडखळलं नाही. शेवटी तर छपराने साथ दिली म्हण.

साहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. "आता दोन्ही बाजू तूच म्हण," ते पोरीला म्हणाले. तिने म्हटलं, एकदाही न चुकता. मग तिची थोरली बहीण आणि बाकीचे बारा.

जाताना साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या शाळेत मुलं किती?"

"चौदा."

"छे हो. मी तर समोरची बाकंही धरली. शाळा इथेच राहील." आणि मग, "ही पद्धत कुणाची?"

"माझ्या थोरल्या भावाची," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने की बहिऱ्या शिंप्यानेही मान वळवली.

आठ महिन्यांपूर्वी त्याच जागी, सभेत सगळ्यांदेखत मी तुला म्हणाले होते, "ही शाळा आहे, तुझं गायनपथक नाही." तू ऑर्गनची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेलास. तू बरोबर होतास, दादा. मी चुकले. हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. कबूल करायला आठ महिने लागले, कारण मी तुझीच बहीण आहे.

किल्ली या पाकिटात घातली आहे. पुढच्या रविवारी चादर मी काढून ठेवीन. आईची तर तुझी खोली दोनदा झाडून झाली.

माझं अर्धं म्हणून झालं. आता मी थांबले आहे.

डाव्या बाकांवरून,
तुझी ठमी