पुलातली बाई हसली नव्हती

मी, पूल बांधणाऱ्या गवंड्याची विधवा, वय एकाहत्तर, पेशा शिकवण्यांचा आणि खोड कवितेची, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझे दीर शंका काढतील म्हणून दोघा डॉक्टरांचा.

१. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात सुनेचे. मुलाचे नाही. तिला परगावी नोकरी लागली तेव्हा त्याने तिची प्रमाणपत्रे माझ्या कपाटात कुलूपबंद केली आणि मला म्हणाला, "आई, तू तिला पुलाची गोष्ट सांग ना. तुझं ऐकेल ती." कुलूप मी तोडून घेतले. गोष्ट इथे सांगते.

२. पुलाचा खांब टिकेना म्हणून आमच्या घराण्यातल्या धाकट्या सुनेला खांबाच्या पायात जिवंत चिणले आणि ती हसत आत गेली, असे इथे प्रत्येक नव्या सुनेला ऐकवतात. माझ्या धाकट्या जावेलाही ऐकवले. तापाने फणफणलेली ती माहेरी जाते म्हणाली, म्हणून दिरांनी माडीवरच्या खोलीला बाहेरून कडी घातली. कडी निघाली तेव्हा ती गेली होती. भेटायला येणाऱ्यांना दीर सांगत, "हसत गेली हो." तिचे तोंड मी पुसले आहे. दातांखाली ओठ तुटला होता.

३. पुढे मी पुलातल्या बाईवर कविता लिहिली. माझी बाई ओरडते, एकेका गवंड्याला नात्याने हाक मारते, आणि एकाचाही हात थांबत नाही. दीर म्हणाले, "वहिनी, कविता झकास! पण शेवटी हसू द्या की बिचारीला. लोकांना बरं वाटतं." आता नदीवर होणाऱ्या नव्या पुलावर दीर फक्त पहिले कडवे कोरणार आहेत, ज्यात ती नवे कपडे घालून नदीकडे निघते. त्यास माझी सक्त मनाई आहे. कोरायची तर पुरी कविता कोरावी, ओरडण्यासकट.

४. यजमानांचा ओळंबा आणि थापी मुलाला. हात चांगला आहे त्याचा. काकांच्या तालमीत वाढला, तिथे बिघडला.

५. कवितांचे सर्व हक्क सुनेला, शेवट बदलण्याच्या हक्कासह. मी पुष्कळ खर्डे केले. दर वेळी भिंत पुरी झाली. तिला त्या बाईला बाहेर काढता आले तर तिने काढावे.

६. अंमलबजावणी वकीलबाई करतील. सुनेला मिळकत मिळणार असल्याने तिची साक्ष नको, असे त्या म्हणाल्या. त्यामुळे ती दारातच उभी होती. तिने विचारले, "आई, मी हे घर विकून कायमची गेले तर?"

म्हटले, "अगं, माझ्या मरणाची वाट बघत बसतेस की काय? आधी तू जा. घर येईल मागाहून."

हे वाक्य वकीलबाई गाळा म्हणाल्या. मी ठेवले आहे.

सही: या घरची थोरली सून
साक्षीदार: १. शेजारची शिंपीण २. छापखान्यातले निवृत्त जुळारी
स्थळ: राहत्या घरातले स्वयंपाकघर
दिनांक: सात मार्च