किल्लीवालीची शक्ती

कुळगाव, बदलापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
वरदचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहायला तुम्ही तयार नाही, म्हणून हे पत्र. बदलापूरहून अंबरनाथला पोचायला त्याला चार दिवस लागतील. मी पायी निघालो तर दोन-तीन तासांत तुमच्या शिवमंदिरापाशी येईन, पण बायको, वैदेही, म्हणते, माझं चालणं बघता पोस्टच बरं.

कारण ऐकून हसू नका. ‘सातदरवाजा’चे पत्ते आठवतात ना? चित्रं तुमची, मागचा मजकूरही तुमचाच, आणि उल्हासनगरच्या लछमनशेठने लग्नपत्रिकांच्या उरलेल्या पुठ्ठ्यावर छापलेले. एका पाकिटात पाच. सत्त्याण्णव साली मी दहा वर्षांचा होतो आणि तुमचा भाचा म्हणून आळीत माझा फार दरारा होता. त्यानंतर तसा दरारा कुठेच जमला नाही.

तर आता अडतिसाव्या वर्षी, कंपनीच्या स्टोअर्समध्ये जबाबदारीची नोकरी असताना, मी त्या पत्त्यांच्या दुनियेवरून एक नवा खेळ करायला घेतला आहे. यात एक सूत्रधार असतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी भिंत चढतो’, ‘मी पहारेकऱ्याला गंडवतो’ असं तोंडाने सांगतात. जमलं की नाही ते फासे ठरवतात. मोठी माणसं टेबलाभोवती बसून चार तास हेच करतात. आत्याला हे जरा सावकाश सांगा.

अडचण अशी की पत्त्यांत सगळं सोपं होतं. सेनापती विक्राळसेन, शक्ती ९५. ज्याची शक्ती जास्त तो जिंकला, पत्ता खिशात. आता माझा मित्र सुजित विचारतो, विक्राळसेन जेवतो काय? त्याची बहीण सोनिया विचारते, गडावर पाणी कुठून येतं? हे दोघंच माझे खेळाडू, कारण बाकीच्यांना कामं निघाली. मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नाही. तुमच्या शहाण्णव पत्त्यांवर सगळे लढताहेत, राहत कोणीच नाही.

आणि एक. ४१ नंबरची किल्लीवाली, शक्ती शून्य. मागे एवढंच लिहिलंय : ‘सहा दरवाजे राजाचे, सातवा हिचा.’ आम्ही पोरं तिला फेकूनच द्यायचो. मी एकदा चौदा किल्लीवाल्या देऊन एक विक्राळसेन घेतला आणि आठवडाभर स्वतःला हुशार समजत होतो. त्या सातव्या दरवाजामागे आहे काय?

आत्याला नमस्कार. लोभ आहेच, त्यात थोडी उत्तरं मिसळून पाठवावीत.

आपला,
वरद


अंबरनाथ
१५ फेब्रुवारी २०२५

चि. वरद यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय. ‘सातदरवाजा’ अजून कोणाला आठवतो हे वाचून छाती फुगली, मग खोकला आला.

माझी चित्रं तुझ्या लक्षात राहिली हा तुझा मोठेपणा. मी कारखान्यातला ड्राफ्ट्समन. तीस वर्षं नट-बोल्ट काढले, म्हणून माझे घोडेसुद्धा बोल्टसारखेच दिसतात. तुम्ही पोरं सोनेरी काठाच्या पत्त्यांसाठी मारामाऱ्या करायचात, तेही आज सांगून टाकतो. त्यात काही गूढ नव्हतं. लछमनशेठकडे सोनेरी पुठ्ठा कमी उरायचा.

आता उत्तरं. विक्राळसेन नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी खातो, सोमवारी नुसतं ताक. त्याला पालीची भीती वाटते, पण हे सैन्याला माहीत नाही. पाणी डोंगराच्या पोटातल्या टाक्यातून येतं. तिथे जायच्या वाटेला सासूची वाट म्हणतात, कारण तिच्यावर मागे वळून बघायची सोय नाही. टाक्यावर पहारा कोणाचा ते विचारून, म्हणजे आठवून, पुढच्या पत्री कळवतो.

किल्लीवालीला मात्र गाळून टाक. शून्य शक्तीची बाई, तिच्यात काय ठेवलंय? पत्ते शहाण्णव भरायचे होते, म्हणून घातली असेल.

तुझी आत्या बरी आहे. हल्ली मी स्वयंपाकघरात फार घुटमळतो अशी तिची तक्रार आहे. लोभ वाढता राहू दे, प्रश्न वाढवू नकोस.

तुझा,
अण्णा


कुळगाव, बदलापूर
९ मार्च २०२५

ती. अण्णांस,
वरदचा सा. न. वि. वि.

आमच्या पहिल्या खेळाची हकिकत लिहितो, म्हणजे तुम्हाला तुमच्या भाच्याची योग्यता कळेल. मी गडाचा त्रेचाळीस पानी इतिहास लिहिला होता आणि तो वाचून दाखवला. बाराव्या पानावर सुजित झोपला. मग लढाई. पत्त्यावरचा प्रत्येक आकडा मी जसाच्या तसा फाशांत आणला होता, त्यामुळे विक्राळसेनाच्या एका वाराला सोळा फासे टाकावे लागायचे. स्टोअर्समधला माणूस, बेरजेत चूक चालत नाही. वैदेहीच्या कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी पहिला वार लागायचाच होता.

दुसऱ्या खेपेला इतिहास बाजूला ठेवला आणि तुमचं पत्र समोर घेतलं. अण्णा, काय सांगू! सोनियाने विक्राळसेनाच्या तंबूत पाल सोडली. सुजित सासूच्या वाटेने निघाला आणि शिंक आली तरी मागे वळेना. मग तुम्ही पुढच्या पत्रात पाठवलेली टाक्यावरची आंधळी पहारेकरीण, जी माणसाला पावलांवरून ओळखते, तिच्यासमोर तर दोघं खरोखर पाय न वाजवता खुर्चीत बसले होते. तुमची दोन पानं माझ्या त्रेचाळीस पानांना भारी पडली. वाईट वाटलं, पण थोडंच.

एक गोष्ट तुमचं न ऐकता केली. किल्लीवाली गाळली नाही. आता दोघांना लढायचंच नाहीये, त्यांना फक्त तिच्याशी बोलायचंय. ती कोण, किल्ली तिच्याकडे कशी आली, दार ती का उघडत नाही. मी सूत्रधार असून तिच्या तोंडी एक वाक्य घालू शकलो नाही. चहा करतो म्हणून उठलो आणि दूध नाही म्हणून खाली गेलो. फ्रिजमध्ये दोन पिशव्या होत्या.

आता मुख्य बातमी. खेळाचं पुस्तक निघतंय, तेही लछमनशेठच्या मुलाच्या प्रेसमधून. पाडव्याला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये प्रकाशन, तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि मग सगळ्यांसमोर खेळ. मुखपृष्ठ चोवीस तारखेला छपाईला जाईल. त्यावर लिहिलंय : ‘सातदरवाजाची दुनिया, लेखन व चित्रे : अ. वि. टेंबे’. प्रेक्षक तुम्हाला प्रश्न विचारतील, तुम्ही उत्तरं द्यायची. सुरुवात किल्लीवालीपासून.

शाल कोणत्या रंगाची आवडेल तेवढं कळवा आणि लोभ ठेवा.

आपला,
वरद


अंबरनाथ
१४ मार्च २०२५

चि. वरद यास अनेक आशीर्वाद.

शाल नको. हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

त्या पत्त्यांवरचा एक शब्दही माझा नाही. लछमनशेठने शहाण्णव चित्रं मागितली, ती मी काढली. मग म्हणाले, टेंबेसाब, हर फोटो के पीछे दो लाइन तो चाहिए, बच्चा लोग पढ़ेगा. मी आठ दिवस बसलो. विक्राळसेनाच्या मागे मी लिहिलं होतं, ‘हा सेनापती आहे’. कुमुदने, तुझ्या आत्याने, ते वाचलं, हसली, आणि भाजी निवडता निवडता एकेका चित्राची गोष्ट सांगायला लागली. महिनाभर ती सांगायची, मी लिहून घ्यायचो. अक्षर माझं होतं, त्यामुळे लछमनशेठने पाकिटावर माझंच नाव घातलं. बायकोचं पण घाला, एवढं म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी चहा मागवला आणि मी तो प्यायलो. इतकं सोपं असतं ते.

मग फॅक्टरीत साहेबांनी कौतुक केलं, गणपतीत मंडळाने बोलावलं, तुम्ही पोरं मागे मागे फिरलात. प्रत्येक वेळी सांगणं आदल्या वेळेपेक्षा अवघड होत गेलं. आणि ती कधी काही बोलली नाही.

या वर्षी तुझे प्रश्न आले. मी स्वयंपाकघरात जाऊन सहज विचारल्यासारखं विचारायचो, हा विक्राळसेन जेवत काय असेल गं? ती भाकरी थापता थापता सांगायची. मी हॉलमध्ये येऊन लिहून काढायचो. बहात्तर वर्षांचा माणूस, परीक्षेत कॉपी करत होतो.

माझं स्वतःचं असं त्या पत्त्यांत एकच आहे, ते म्हणजे शक्तीचे आकडे. किल्लीवालीची गोष्ट सांगताना तुझी आत्या जरा जास्तच वेळ बोलली होती. मी ऐकलं नाही. किल्ल्या सांभाळणारी बाई, हिला कसली शक्ती, म्हणून शून्य टाकलं आणि पुढचा पत्ता घेतला. त्या शून्याची मला आता लाज वाटते, वरद.

मुखपृष्ठावरून माझं नाव काढ. तिला हे सांगायची हिंमत मला होत नाही, तू लिही. सत्काराला येणार नाही. लोभ ठेवलास तर उपकार होतील.

तुझा,
अण्णा


कुळगाव, बदलापूर
१८ मार्च २०२५

ती. सौ. आत्यास,
वरदचा सा. न. वि. वि.

सोबत अण्णांचं पत्र पाठवतो आहे. त्यांच्या अक्षरातलंच तू वाचावंस. मी यावर शहाणपणाचं काही लिहायला बसलो होतो, पण चौदा किल्लीवाल्या देऊन टाकणारा माणूस मीच, मी काय बोलणार? चोवीसच्या आत फक्त एवढं कळव, मुखपृष्ठावर काय छापू?

तुझा,
वरद


अंबरनाथ
२२ मार्च २०२५

चि. वरद यास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या मुलीबरोबर पाठवते आहे, पोस्टाच्या भरवशावर राहिले तर मुखपृष्ठ छापून होईल.

ह्यांचं पत्र ह्यांच्यासमोर बसूनच वाचलं. हे पेपर तोंडासमोर धरून बसले होते, उलटा. मला सगळं माहीत होतं रे. स्वयंपाकघरात ज्या माणसाला डब्यातली साखर सापडत नाही, तो विक्राळसेनाच्या जेवणाची चौकशी करतो, म्हणजे काहीतरी शिजतंय हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. पालीचं तर मुद्दाम सांगितलं. पालीला घाबरतात ते हेच. आपणच आहोत हे न ओळखता ह्यांनी ते जसंच्या तसं तुला लिहून पाठवलं.

तूही काही कमी नाहीस. सासूची वाट तुला कळली नाही? चामटोलीला आपल्या गावच्या घरामागे टेकडी आहे, तिच्यावरून तुझी आजी पाणी आणायची, ते नाव तिनेच ठेवलेलं. पहारेकरीणही तीच, शेवटी शेवटी दिसत नव्हतं तिला. त्रेचाळीस पानं लिहिलीस आणि स्वतःची आजी ओळखली नाहीस.

नावाचं म्हणशील तर तेव्हा राग आला होता. खोटं कशाला सांगू, पुष्कळ आला होता. पाकीट हातात घेऊन मी मोरीत जाऊन रडले होते. पण नावापेक्षा जास्त लागलं ते दुसरंच. किल्लीवालीची गोष्ट सांगता सांगता मी मध्येच थांबले होते, हे विचारतील पुढे काय झालं म्हणून. ह्यांनी पुढचं चित्र समोर ठेवलं. त्यानंतर पुढे काय झालं हे मला कोणीच विचारलं नाही, थेट या फेब्रुवारीपर्यंत.

तर छाप : ‘लेखन : कुमुदिनी टेंबे, चित्रे : अ. वि. टेंबे’. चित्रांवरचं नाव काढू नकोस, घोडे खरंच ह्यांचे आहेत. शाल एकच आण, मोरपंखी. पाडव्याला हे येतील, मी आणते. सूत्रधार मी होणार, तू चहा कर, आणि दूध आधी बघून ठेव.

ह्यांना खेळायला किल्लीवाली दे. शक्ती शून्यच राहू दे, आकडा ह्यांचाच आहे. आज सकाळपासून तीनदा येऊन विचारून गेले, सातव्या दरवाजामागे काय आहे म्हणून. सांगितलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी थांबले, ह्यांना आठ दिवस थांबायला काही हरकत नाही.

लोभ होता तसाच आहे, दोघांवरही.

तुझी,
कुमुदआत्या