ह्यांनी जोडलेले चार बोर्ड

३ मार्च, सोमवार

— गेल्या वर्षीच्या त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं, भाजी फोडणीला टाकली होती, आणि हे ओट्यावरच सोल्डरिंग घेऊन बसले होते! माझ्या एका हातात उलथनं, दुसऱ्यात चिमटा. "तार नीट धर. हलू नकोस गं!" मी ओरडले, धूर जेवणात जाईल! हे हसले. विहारातल्या अभ्यासिकेसाठी चार एलईडी दिव्यांचे बोर्ड एका फळीवर जोडून झाले. त्यांना बेताची वीज पुरवणारा डबा, ड्रायव्हर, तेवढा आणायचा राहिला. त्याच आठवड्यात हे गेले.

पुण्यानुमोदनाला भर विहारात मी बोलून बसले — पहिल्या स्मृतिदिनाला ह्यांचेच दिवे लागतील. बारा तारीख आली की!

५ मार्च, बुधवार

भांडुप स्टेशनजवळच्या दुकानात गेले. म्हटलं, बावीस वॅटचा ड्रायव्हर दे. दुकानदार विशाल म्हणतो, "नुसते वॅट बघून चालत नाही, आजी."

"आजी कोणाला रे?"

"बरं, मावशी! बोर्ड जोडलेत कसे?"

मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने बोटांनी फोटो मोठा केला. "काकांनी घरातल्या बल्बसारखे जोडलेत." म्हणजे प्रत्येक बोर्डला आपापल्या वेगळ्या तारा. ड्रायव्हर ठरलेला करंट पाठवणारच, तो चौघांत वाटला जातो. एक बोर्ड गेला की त्याचा वाटा उरलेल्या तिघांवर. मग तेही तापतात, लवकर जातात. "एकामागे एक जोडा. त्याला ड्रायव्हर वेगळा लागतो."

"आणि त्यात एक गेला तर?"

"सगळे बंद. पण बाकीचे जळणार नाहीत."

ह्यांनी जन्मभर घरांचं वायरिंग केलं. हात त्याच वळणाने गेला. चूक तरी कशी म्हणू?

रिकाम्या हाताने परत आले.

७ मार्च, शुक्रवार

घासलेली भांडी परत घासली. कशात लक्ष नाही.

८ मार्च, शनिवार

भाऊराव भावोजी आले. पाटी करून आणली — कालकथित जयवंत यांच्या स्मरणार्थ. मी जोडणीचं सांगितलं. उसळलेच! "दादाच्या हातचं शेवटचं काम, वहिनी. त्याला कटर लावणार तू?"

"आणि जळले तर?"

"जळतील तेव्हा बघू. बुधवारी लागतील ना? बस!"

ते गेल्यावर फळीवरून हात फिरवला. ह्यांचे सोल्डरचे सांधे कसे बारीक, गोल. तांदळाच्या दाण्यासारखे.

१० मार्च, सोमवार

विशालने दोन ड्रायव्हर समोर ठेवले. एकावर अठरा व्होल्ट, बाराशे मिलीअँप. ह्यांच्या जोडणीला तोच चालतो, काही कापायला नको. दुसऱ्यावर साठ ते नव्वद व्होल्ट, तीनशे मिलीअँप; तो एकामागे एक जोडले तरच. अभ्यासिकेतच जुन्या पेपरांवर अक्षर अक्षर जुळवत मी वाचायला शिकले. हेही तसंच वाचलं. दोनदा.

"तू कुठला घेशील?"

"मी काय सांगू, मावशी? काका तुमचे."

दुसरा घेतला. सगळे एकदम बंद पडले तर कोणीतरी उठून बघेल तरी. एकेक करून जळत गेले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

घरी येऊन ह्यांचा कटर हातात घेतला. ठेवला. केर काढला. पुन्हा घेतला. ठेवला.

११ मार्च, मंगळवार

सकाळी पाणी भरलं. कुकर लावला. मग ह्यांचे सगळे सांधे कापले आणि बोर्ड एकामागे एक जोडले. माझे सांधे जाड आले. चारही लागले.