शुक्रवारी मिटणारी फुलं

७८६
निजामपुरा, भिवंडी
२४ मार्च १९९५

चि. महमूद यास जुबैदाआपाचे अनेक आशीर्वाद. अस्सलाम अलैकुम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. म्हणजे माजिदाला पोचलं. मला त्यातलं 'आपाला सलाम' एवढंच वाचून दाखवण्यात आलं. चार पानांत माझ्या वाट्याला दोन शब्द. असू दे. अम्मा गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तेव्हापासून तुझं नाक पुसलं मी, शाळेत हाताला धरून नेलं मी, आणि चार पानांची मालकीण झाली तीन महिन्यांपूर्वी आलेली खारबावची पोर. मी सख्खी बहीण असले तरी शेवटी बहीणच ना.

आता मुद्द्याचं. तुझी टाकी बिघडली आहे. बहारीनहून विमानात मांडीवर घेऊन आणलेली ती समुद्राची जिवंत फुलं, तुझ्या भाषेत कोरल, माना टाकायला लागली आहेत. मधलं हाताच्या पंजासारखं मोठं कोरल पंधरा दिवस झाले मिटूनच आहे. कडेच्या बटणांसारख्या कोरलचा रंग उडाला. जाताना टाकीची वही तू माजिदाच्या हातात दिलीस आणि मी शेजारीच उभी होते. खालचे आठ लूम मी एकटी विधवा बाई बारा वर्षं चालवते आहे, धागा तुटला की मला वर बसून आवाजावरून कळतं. पण एक काचेची पेटी सांभाळायला मी तुला लायक वाटले नाही. आता भोग.

मी तिला दोष देत नाही. ती दिवसातून चार वेळा टाकीपुढे बसते, वहीत आकडे लिहिते, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवते. ईदला अख्खा निजामपुरा बघून गेला, धामणकर नाक्यावरचे लोकही आले. एवढ्या डोळ्यांची नजर लागणार नाही तर काय होणार? तेव्हापासून मी माझ्या परीने दुआ करते, नजर उतरवते. बाकी तुझी वही जाणे आणि तुझी बायको जाणे.

मे अखेरपर्यंत कोरल इथल्या हवेत जगली तर नोकरी सोडून नाक्यावर अशाच टाक्यांचं दुकान काढीन, नाहीतर तिकडेच राहीन, असं तू सांगून गेलास. सहा वर्षं मी तुझ्या परत येण्याची वाट बघते आहे. म्हणून हे कळवलं. चुगली समजू नकोस.

माया तिच्यावर खर्च करून थोडी उरली, तर इकडेही धाडत जा.

तुझी,
जुबैदाआपा

*

मनामा, बहारीन
४ एप्रिल १९९५

प्रिय माजिदा, अस्सलाम अलैकुम. मी इथे खुशाल आहे, तुमची खुशाली चाहतो.

आपाचं पत्र आलं. नेहमीसारखं अर्धं टाकीवर, अर्धं माझ्यावर. ती टोचून लिहिते, पण पोटात माया आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

कोरल मिटली तर घाबरून एकदम दहा गोष्टी बदलायच्या नाहीत, हे इथल्या दुकानात मी पहिलं शिकलो. एकेक गोष्ट तपासायची. पाणी किती गरम होतं? मार्चमध्ये भिवंडी तापते, तेव्हा दुपारी पंखा टाकीच्या पाण्यावर सोड. खारटपणाची काचनळी काय दाखवते? दिवे किती तास चालू असतात? वीज गेली की बॅटरीचा पंप लागतो का? खालच्या लूममधून कापसाची रुई उडते, ती पाण्यावर बसते का? मासे कसे आहेत, आणि काचेवरच्या गोगलगायी? आठ दिवसांची नोंद करून सगळं लिही. मला तुझ्या डोळ्यांवर भरवसा आहे.

एक गोष्ट आपाला इतक्यात बोलू नकोस. नाक्यावरच्या गाळ्याच्या वर दोन खोल्या आहेत. दुकान झालं की आपण दोघं तिथे राहायला जाऊ. आपाला मी आल्यावर समजावीन.

आठवण ठेव. मी तर दुसरं काही करतच नाही.

तुझा,
महमूद

*

निजामपुरा, भिवंडी
१४ एप्रिल १९९५

ती. महमूद यांस माजिदाचा सलाम. वि. वि.

तुम्ही विचारलेलं सगळं बघितलं. दुपारचं पाणी पंखा लावून सत्तावीसच्या वर जात नाही. खारटपणा तुम्ही खूण केलीत तिथेच आहे. आटलेल्या पाण्याची भर प्लास्टिकच्या कॅनमधल्या गाळलेल्या पाण्याने घालते. दिवे मोजून नऊ तास. वीज दोनदा गेली, पंप लगेच लावला. रुईसाठी वर मलमल बांधली आहे, रोज झटकते. काही चुकलं असेल तर सांगा, मला सापडत नाही.

मासे मजेत आहेत, मला बघून पुढे येतात. पण गोगलगायी काचेवरून सुटून पडल्या, आठातली एक उरली. शंखात राहणारा खेकडा बाहेर येऊन मेला. बटणांचं कोरल विरघळल्यासारखं झालं, वासही यायला लागला म्हणून ते काढून टाकलं. टाकताना रडू आलं. आपा म्हणाल्या की रडायला काय झालं, तुझं लेकरू थोडंच होतं.

वहीत एक गोष्ट दिसते. शुक्रवारी संध्याकाळी सगळी घट्ट मिटतात, मग बुधवारपर्यंत थोडी उघडतात. याचा अर्थ मला लागत नाही.

आपांना वाटतं माझ्या हाताला बरकत नाही. कधीकधी मलाही तसंच वाटतं. तुम्हाला तसं वाटत नाही, एवढं पुढच्या पत्रात एकदा लिहा.

तुमचीच,
माजिदा

*

मनामा
२४ एप्रिल १९९५

प्रिय माजिदा, अस्सलाम अलैकुम.

घाईत लिहितो. हे पत्र आपालाही वाचून दाखव.

मासे मजेत आणि गोगलगायी, खेकडा, कोरल मरतात, याचं कारण एकच: पाण्यात तांबं जातं आहे. इथे आजारी माशांना आम्ही तांब्याचं औषध देतो, पण त्या टाकीची जाळीसुद्धा कोरलच्या टाकीत बुडवत नाही. माशाला जे पचतं ते कोरलला विष. खारं पाणी तांब्याला लागलं की तांबं भराभर उतरतं. दर शुक्रवारी मिटतात म्हणजे दर शुक्रवारी काहीतरी पाण्यात पडतं आहे. तांब्याचं भांडं, नळी, वायर, जे असेल ते शोधा आणि बंद करा. निम्मं पाणी नव्या मिठाचं घाल, विष शोषून घ्यायला कोळशाची पिशवी लाव. आता थांबलं तर मोठं कोरल वाचेल. गाळ्याच्या मालकाला मी मे अखेरपर्यंत थांबवलं आहे.

तुझ्या हाताला बरकत नाही असं मला कधीच वाटलं नाही.

तुझा,
महमूद

*

निजामपुरा, भिवंडी
६ मे १९९५

ती. महमूद यांस सलाम. वि. वि.

कारण सापडलं. चूक माझी आहे. शुक्रवारी काम जास्त असतं, त्या घाईत मी टाकीची भर तांब्याच्या हंड्यातून घालत होते. तुम्हाला कॅनचं लिहिलं ते खोटं. मोठं कोरल काल गेलं. हिरव्या रंगाचं एक लहान कोरल वेगळ्या बादलीत ठेवलं आहे.

रागावलात तर माझ्यावरच रागवा.

माजिदा

*

निजामपुरा, भिवंडी
३० मे १९९५

चि. महमूद यास आशीर्वाद.

तू माजिदाला लिहिलेलं पत्र मी वाचलं. तिने दाखवलं नाही, तिच्या उशीखालून काढून वाचलं. लाज वाटते, पण खरं तेच लिहिते. तू तिला निष्काळजी म्हटलंस, खोटारडी म्हटलंस. दुकान रद्द, गाळा सोडला, आणखी तीन वर्षांच्या कागदावर सही करतो, असं लिहिलंस. सही केली नसशील तर हात आवर आणि आधी हे वाच.

हंड्याने काही झालेलं नाही. आपल्या घरातल्या प्रत्येक तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई आहे, दर वर्षी दारात बसून कल्हईवाल्याकडून करून घेते. तू याच घरात वाढलास आणि हे तुला आठवू नये? बिनकल्हईचं भांडं एकच आहे, अम्माचा दुआचा कटोरा. आतून कुराणातल्या आयती कोरलेल्या आहेत, कल्हईने अक्षरं बुजतील म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. लहानपणी तुला ताप आला की मी त्यातच पाणी ठेवून, पढून तुला पाजायची.

ईदनंतर नजर लागू नये म्हणून मी दर गुरुवारी टाकीतलंच पाणी त्या कटोऱ्यात काढून ठेवायची. गोड्या पाण्याने खारटपणा बिघडेल एवढी अक्कल मला होती, तेवढीच होती. रात्रभर ठेवून, पढून, शुक्रवारी नमाजनंतर माजिदा खाली गेली की परत टाकीत ओतायची. पाण्याला हिरवट झाक यायची. मला वाटायचं, कटोरा घासायला झाला. आयतींचा यात काही दोष नाही. दोष तांब्याचा आणि माझा.

असे आठ शुक्रवार मी तुझ्या भल्यासाठी ओतले. ते अल्ला जाणतो. नवव्याचं लिहायला मला तीन आठवडे लागले.

तुझं तांब्याचं पत्र माजिदाने मला गुरुवारी वाचून दाखवलं. मी ऐकलं, सगळं समजलं, आणि जागची हलले नाही. कटोरा सकाळीच भरून ठेवलेला होता. तुझं दोन खोल्यांचं पत्रही मी उशीखालून वाचलं होतं, महमूद. कोरल जगली तर तू येणार, आणि येऊन तिला घेऊन नाक्यावर राहणार. मी सहा वर्षं वाट बघितली ती याच्यासाठी का, हेच डोक्यात फिरत होतं. मी जळत होते. दुसऱ्या दिवशी जाणूनबुजून कटोरा टाकीत रिकामा केला. तू येऊ नयेस असं मला वाटलं नाही, ती मात्र हरावी असं वाटलं. मागे वळले तर माजिदा दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने माझ्या हातातून कटोरा घेतला, पुसला, फळीवर ठेवला आणि बादली आणायला गेली. मोठं कोरल त्याच संध्याकाळी गेलं.

नंतर मला वाटलं, आता ही तुला सगळं लिहिणार. मी तिच्या जागी असते तर लिहिलंच असतं, दोन पानं जास्त लावून. तिने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. आज पंचवीस दिवस ती मला वेळेवर चहा देते, पाय चेपते. तुझ्या चार पानांचा मला हेवा वाटला, वहीचा वाटला, दोन खोल्यांचा वाटला. पण तिच्या या चांगुलपणाचा जेवढा वाटतो तेवढा कशाचाच वाटला नाही.

ये. दुकान काढ, खोल्या घे, तिला घेऊन राहा. मी आड येणार नाही. हे पत्र मी पाकिटात घालण्याआधी तिला वाचायला देते आहे. तोंडाने माफी मागायची हिंमत माझ्यात नाही.

तुझा लोभ मागायचं तोंड मला उरलं नाही. तू स्वतःहून दिलास तर घेईन.

जुबैदाआपा

ता. क. आपांनी पत्र दिलं, मी इथेच बसून वाचलं. त्या समोर बसल्या आहेत आणि माझ्याकडे बघत नाहीत, म्हणून हे लिहिते. त्यांनी चांगुलपणा लिहिला आहे तो खरा नाही. त्या शुक्रवारी मला इतका राग आला होता की कटोरा रस्त्यावर फेकावा असं वाटलं. तरी तुम्हाला खरं कळवलं नाही, कारण तुम्ही काय कराल हे मला ठाऊक होतं. आपांचं नाव वाचताच तुम्ही त्यांना माफ केलं असतं. एका ओळीत, काही न विचारता. ते वाचणं मला सोसलं नसतं. त्यापेक्षा तुमचा राग मी मागून घेतला. तो तरी माझा एकटीचा होता. — माजिदा