बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

मंगळवार, संध्याकाळ. शनवारा मोहल्ला

शाळेच्या भिंतीवर मीच पेंटरकडून लिहून घेतलं होतं, '१२३४५६७ ही अभाज्य संख्या आहे'. खाली गणितशिक्षक म्हणून माझं नाव! आज चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "सर, हिला १२७ ने भाग जातो." मी हसलो. मग भागाकार केला. ९७२१, बाकी शून्य. आधी का नाही पाहिलं मी? तेवढ्यात तपासणीचे साहेब फाटकात. बाईंनी पेंटरला घाईघाईने वाक्यापुढे 'का?' जोडायला लावलं.

साहेब खूश. "वा! बच्चे सोचेंगे. जवाब क्या है, सर?"

बाईंसमोर माझ्या तोंडून १२७ निघेना. शिडीवरून पेंटरच बोलला, "नहीं है साहब, एक सौ सत्ताईस से कटती है."

साहेब गेल्यावर बाईंचे आभार मानायला हवे होते. मी म्हणालो, "तो 'का' जरा वाकडा आलाय."