ऐन वेळेची पारख

२ एप्रिल
आजपासून डायरी. फोपनारमध्ये बोलण्याच्या लायकीचा माणूस उरलेला नाही, म्हणून.

बायकोने, वर्षाने, पुन्हा तोच विषय काढला. सप्टेंबरमध्ये तिची पोलीस भरतीची फिजिकल आहे. लेखी पास झाली. आता धावायचं, लांब उडी, गोळाफेक. मध्येच दिवस राहिले तर वर्दी गेली म्हणते. म्हणून मेडिकलमधून काहीतरी आणा म्हणते. तिला शांतपणे समजावलं की काही आणायची गरज नाही. ऐन वेळी बाहेर पडायचं, बस. लग्नाला वर्ष झालं, काही झालं का? ज्याचा स्वतःवर कंट्रोल नाही त्याने रबर वापरावं. यावर ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

६ एप्रिल
कंट्रोल हा माझा धंदाच आहे. व्यापाऱ्यांसाठी केळीच्या बागा बघतो. घडाकडे एक नजर टाकायची आणि सांगायचं, आज कापा नाहीतर चार दिवस थांबा. शेतकऱ्याचा जन्म बागेत जातो, तरी त्याला ते कळत नाही. येडपट घडाला मिठी मारून उभा असतो आणि विचारतो, भूपेंद्रभाऊ, सांगा. माल दिल्लीला पोचेपर्यंतची वेळ ज्याला साधते त्याला घरातली नाही साधणार?

१४ एप्रिल
वर्षाचं मन राखायला कडूच्या मेडिकलवर गेलो. कडू म्हणजे बाबांचा मावसभाऊ. काय पाहिजे बेटा, म्हणाला. डोकेदुखीची गोळी घेतली. मग एकच कशाला म्हणून खोकल्याचं औषधही घेतलं. लाजेचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे.

१५ एप्रिल
खोकल्याच्या औषधाने झोप छान लागते.

२० एप्रिल
आई आमच्या गावची आशा कार्यकर्ती. सरकारी निरोधची पेटी आमच्याच पुढच्या खोलीत, टीव्हीखाली. अर्धं गाव येऊन घेऊन जातं. त्या पेटीला हात लावू शकत नाही तो एकटा मी. आईच्या पेटीतून मुलाने घ्यायचं? आणि आईने मुलाला द्यायचं? संस्कार नावाची काही गोष्ट असते. आई तर माझ्यासमोर पेटीचं नावसुद्धा घेत नाही, 'ते सामान' म्हणते आणि टीव्हीचा आवाज वाढवते.

आज अंगणात बायकांची मीटिंग होती. मी आत बसून ऐकत होतो. आई ठणठणीत आवाजात सांगत होती, नवरा म्हणतो मी सांभाळतो, त्याच्या भरोशावर बसू नका बायांनो. अशा पाच जणींतली एक वर्षभरात पोटुशी राहते. बायका हसल्या.

पाचांतली एक. म्हणजे चार पास. ऐंशी टक्के. बारावीत मला एवढे कुठे होते? आणि तो पाचवा नापास कोण असणार, हेही मला माहीत आहे. गावात असे नग कमी नाहीत.

२२ एप्रिल
असाच एक नग, जितेंद्र. आमच्या ट्रकवर माल भरून घेतो. त्याच्या बायकोला, निशाला, पहिली मुलगी पोट कापून झाली. अजून वर्षही झालं नाही. दोन वर्षं तरी दुसरं नको, असं डॉक्टरीणबाईने बजावलंय. हा गडी आमच्या आईकडे जायला लाजतो. कारण काय, तर आई त्याला लहानपणापासून ओळखते. कीव आली. बागेत केळीखाली बसवून पूर्ण पद्धत समजावली. तो विचारतो, भाऊ, पक्का ना? बहुत रिस्की नाही का? म्हटलं, गॅरंटी माझी. मास्टरकडून शिकतोयस.

४ मे
दिल्लीला निघालेला माल वाटेतच पिकला. मीच चार दिवस थांबा म्हटलं होतं. व्यापारी फोनवर वाटेल ते बोलला. यात माझी चूक नाही. ऊन लवकर तापलं. ऊन काही मला विचारून तापत नाही.

१९ मे
एक गोष्ट लक्षात आली. देवापुढे दिवा रोज वर्षाच लावते आहे. आमच्याकडे बाईला पाळी आली की ती देवाजवळ जात नाही, तेवढे दिवस आई दिवा लावते. या महिन्यात आईने लावलेला आठवत नाही. मागच्या महिन्यातही आठवत नाही. ही बायकांची खाती, मी कधी लक्ष घालत नाही. तरी आठवत नाही.

२० मे
आजही वर्षानेच लावला.

२१ मे
आजही. जेवण गेलं नाही. पहाटे ती शाळेच्या मैदानावर धावायला जाते, तिथे आज मागून गेलो. ओढणी कमरेला बांधून धावत होती. पोरं खिदळत होती, तिचं लक्षही नव्हतं. मला भीती वाटली. डायरी आहे म्हणून खरं लिहितो. हिचं वर्षभराचं धावणं माझ्यामुळे मातीत गेलं तर ही बोलणार काहीच नाही, नुसती बघेल. ते नको.

संध्याकाळी आडून विचारलं, तब्येत बरी आहे ना? मस्त आहे म्हणाली आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या. भीती वाढली. आईकडे बघितलं. गावातल्या प्रत्येक बाईची तारीख जिला पाठ, ती स्वतःच्या सुनेबद्दल गप्प. कसली आशा कार्यकर्ती.

२४ मे
तपासणीचं किट आणायला बुऱ्हाणपूरला गेलो. ओळख नको म्हणून हेल्मेट काढलं नाही. दुकानदार म्हणाला, भूपेंद्रभाऊ, इतनी गर्मी में हेल्मेट तो उतारो. त्याचीही केळीची बाग निघाली. किट घेतलं, शेजारणीसाठी आहे म्हणालो. तो आणखीच हसला. या शहरात सभ्य माणसाने जगावं कसं?

२५ मे, सकाळ
किट वर्षाला दिलं. तिने ते उलटसुलट करून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. कशाला आणलं, काही नाहीये म्हणाली. मी हट्ट धरला. गेली बापडी. एकच रेघ आली, म्हणजे दिवस नाहीत.

२५ मे, दुपार
एकच रेघ. मी हे आधीच ओळखलं होतं. घाबरणं वगैरे उन्हामुळे. जितेंद्रला पेढे दिले. कशाचे विचारलं, तर म्हटलं, कंट्रोलचे. त्याचा चेहरा पडला. जळतो.

९ जून
जितेंद्र तापीच्या राजघाटावर भेटला. भेटला म्हणजे त्यानेच बोलावलं. निशाला दिवस गेलेत. पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं, तिथे कळलं. टाक्यांची जागा अजून कच्ची आहे, जीवाला धोका आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. जितेंद्र पाण्याकडे बघत म्हणाला, भाऊ, तू तो बोला था गॅरंटी है. अब तूच बोल. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी त्याला विचारलं, मी सांगितलं तसंच केलंस का? तो म्हणाला, तसंच. मग तुझ्यातच गडबड, म्हणालो. तो उठून गेला. त्याने एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं, असं उगीच वाटून गेलं.

११ जून
आई दोन दिवस निशाबरोबर मोठ्या दवाखान्यात होती. आज आली. पाडावं लागलं. निशा वाचली. आईने पिशवी ठेवली आणि विचारलं, त्या पोराला हे कोणी शिकवलं?

मी शांतपणे सांगितलं की पद्धतीत दोष नाही, जितेंद्र कच्चा. पुरावा घरातच आहे, वर्षाकडे बघ.

आईने टीव्ही बंद केला. मग आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर त्या विषयावर बोलली. म्हणाली, वर्षाला मी लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यापासून दवाखान्यात नेते. तीन महिन्यांची सुई. त्याने पाळी पुढे-मागे होते, बंदही होते. तुझ्या भरोशावर धावते का ती?

वर्षा बुटाची नाडी बांधत होती. तुम्ही मेडिकलमधून आणलं असतं तर सुई सोडणार होते, तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून नाही सांगितलं, एवढंच म्हणाली आणि मैदानावर गेली.

तरी मी विचारलं, पद्धतच खोटी हे कशावरून? सरकारी कागदात लिहिलंय म्हणून?

आई म्हणाली, कागद कशाला पाहिजे रे? तुझी ताई मनीषा झाली, दादा संदीप झाला, मग बस असं ठरलं होतं आमचं. तुझे बाबा म्हणाले, मी सांभाळतो.

बाबा खाटेवर पेपर वाचत होते. त्यांनी तो तोंडासमोर धरला.

मी तिसरा. पुढच्या महिन्यात सत्तावीस पूर्ण होतात.